आयर्लंडचा पश्चिम किनारा: १२ रात्रींत गाडी किती चालवावी आणि पायी किती चालावे?

पाऊलवाट

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दोघे आयर्लंडला जाणार आहोत. हाताशी १२ रात्री आहेत. डब्लिनला उतरायचे, गाडी भाड्याने घ्यायची आणि डब्लिनहूनच परतायचे, एवढ्यावर घरात एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे.

माझ्या यजमानांना 'वाइल्ड अटलांटिक वे' हा किनारामार्ग संपूर्ण चालवायचा आहे. उत्तरेला डॉनेगलमधल्या मॅलिन हेडपासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत नऊ काउंट्यांमधून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमधून, जाणारा हा मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला आणि त्याची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर आहे. त्यांनी रोजच्या प्रवासाचा तक्ता केला असून त्यात 'पायी चालणे' यासाठी दुपारी २ ते ४ असा रकाना ठेवला आहे. मला मात्र तिथले डोंगर चढायचे आहेत. गाडीच्या काचेतून पाहिलेला समुद्र मला पाहिल्यासारखा वाटत नाही. त्या रकान्यावरून तीन आठवडे चर्चा चालू आहे आणि आता ती जेवणाच्या वेळीही होऊ लागली आहे.

आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. रोजच्या चालण्याची सवय आहे, चढ जमतो, पण उताराला माझे गुडघे कुरकुरतात. ज्यांनी हा किनारा पाहिला आहे त्यांनी सांगावे की या दिवसांत संपूर्ण मार्ग करणे शहाणपणाचे आहे का, आणि नसेल तर कोणता भाग सोडावा?

दर्यावर्दी

मी गेली काही वर्षे गॉलवेत राहतो, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. २,५०० हा आकडा फसवा आहे. डब्लिनहून मॅलिन हेडला जाणे आणि किन्सेलहून डब्लिनला परतणे धरले, तर एकूण अंतर ३,००० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे पूर्ण ११ दिवस धरूनही रोज २७० किलोमीटर होतात. महामार्गावर हे काहीच नाही. परंतु इथल्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी जे अक्षर असते, तेच खरा वेळ सांगते. 'एम' म्हणजे मोटरवे, 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता, 'आर' म्हणजे प्रादेशिक आणि 'एल' म्हणजे गावाकडचा स्थानिक रस्ता. किनाऱ्याला लागून जाणारा मार्ग बराचसा 'आर' आणि 'एल' अक्षरांचा आहे. ग्रामीण 'एल' रस्त्यांवरची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० वर आणली आहे आणि प्रत्यक्षात तेवढाही वेग अनेक ठिकाणी गाठता येत नाही. थांबे, मेंढ्या, समोरून येणारा ट्रॅक्टर हे सारे धरून ताशी ४० ते ४५ किलोमीटर पडले तरी समाधान मानावे. म्हणजे रोज सहा ते सात तास केवळ चाकामागे.

दुसरे असे, की हा किनारा सरळ नाही. नैऋत्येला डिंगल, आयव्हरा, बेरा, शीप्स हेड आणि मिझन ही पाच द्वीपकल्पे हाताच्या बोटांसारखी समुद्रात गेली आहेत. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये खाडी असते आणि बोटाच्या टोकाला जाऊन परत मुळापर्यंत आल्याशिवाय पुढचे बोट लागत नाही. माझे मत विचाराल तर दोन किंवा तीन ठिकाणी मुक्काम करावा आणि तिथून चालावे.

स्वल्पविराम

दुपारी २ ते ४ ही वेळ तिथल्या पावसाला कळवली आहे का?

वळणवेडा

दर्यावर्दी यांच्याशी मी सहमत नाही. आम्ही दोघांनी हा मार्ग १६ दिवसांत संपूर्ण केला आणि आजवरच्या प्रवासांमध्ये तो मला सर्वांत पूर्ण वाटतो. निळ्या पाटीवरची पांढरी नागमोडी खूण दिसत राहते, तिच्या मागे जात राहायचे आणि वाटेल तिथे थांबायचे, यात जो मोकळेपणा आहे तो एकाच गावी चार रात्री राहून मिळत नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना किनारा कसा बदलत जातो, डॉनेगलचे उघडे बोडके कडे, मग मेयोची दलदल, मग बरेनचा करडा चुनखडक आणि शेवटी कॉर्कची हिरवी शेते, हे सलग पाहिल्यावरच कळते.

शिवाय जूनच्या सुरुवातीला तिथे सोळा तासांहून अधिक उजेड असतो. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सहा वाजता डोंगर चढायला घेतला तरी अंधार पडण्याची भीती नाही. सहा तास गाडी चालवूनही दहा तास उरतात की!

दर्यावर्दी

उजेड सोळा तास असतो हे खरे आहे, पण माणसे सोळा तास जागी नसतात. बी अँड बीमध्ये, म्हणजे न्याहारीसह मिळणाऱ्या घरगुती मुक्कामात, न्याहारी बहुधा आठनंतर मिळते आणि लहान गावातल्या पबचे स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होते. उरलेला उजेड मेंढ्यांसाठी असतो.

केतकी_वन

पाऊलवाट ताई, चालण्याविषयी कोणी सविस्तर लिहीत नाही असे दिसते, म्हणून मी लिहिते. तुमचे गुडघे लक्षात ठेवून तीनच डोंगर सुचवते.

पहिला डायमंड हिल, कॉनेमारा राष्ट्रीय उद्यानातला. उंची ४४२ मीटर, वाट लेटरफ्रॅक गावाजवळून सुरू होते आणि उद्यानात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. खालची आणि वरची फेरी मिळून सुमारे सात किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे. दलदलीच्या भागात लाकडी फळ्या टाकल्या आहेत आणि वर दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे पाय चिखलात जात नाहीत. तीन तास हाताशी ठेवावेत. माथ्यावरून एका बाजूला ट्वेल्व्ह बेन्सची रांग आणि दुसऱ्या बाजूला बेटांनी भरलेला समुद्र दिसतो. उंचीच्या मानाने एवढे भरघोस देणारा डोंगर मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरा क्रोक पॅट्रिक, वेस्टपोर्टजवळ, ७६४ मीटर. हा यात्रेचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात आणि त्यातले काही अनवाणी असतात. मुरिस्क गावातून निघून खिंडीपर्यंतचा चढ सरळ आहे. त्यानंतरचा शंकू अतिशय उभा आहे. पूर्वी तिथे सुट्या दगडांचा घसारा होता, आता दगड रचून वाट बांधण्याचे काम झाले आहे, तरीही उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. काठ्या न घेता जाऊ नका. वर जायचे नसेल तर खिंडीतूनही क्ल्यू बे आणि तिच्यातली असंख्य बेटे दिसतात. लोक म्हणतात की वर्षाच्या दिवसांइतकी ती आहेत.

तिसरा केरी काउंटीतल्या डिंगल द्वीपकल्पावरचा माउंट ब्रँडन, ९५२ मीटर. पश्चिमेकडून, म्हणजे बालीब्रॅकच्या बाजूने जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट सौम्य आहे आणि तिच्यावर पांढऱ्या क्रुसांच्या खुणा आहेत. पूर्वेकडची वाट अधिक देखणी आहे, पण खडकाळ आहे. ढग खाली उतरलेले असतील तर दोन्हींपैकी कोणतीच वाट धरू नये.

देशातले सर्वोच्च शिखर कॅरनटूल, १,०३८ मीटर, मी मुद्दाम वगळले आहे. तिथली 'डेव्हिल्स लॅडर' ही घळ सुट्या दगडांनी भरलेली आहे आणि ती उतरणे हे चढण्याहून वाईट आहे.

आंबोळी

तीनही डोंगर छान आहेत, पण शाकाहारी माणसाने खाली उतरल्यावर काय खावे, हेही कोणी सांगावे.

केतकी_वन

भाज्यांचे सूप आणि सोड्यावर फुगवलेला तपकिरी पाव, त्यावर तिथले लोणी. सूप कशाच्या रश्श्यात शिजवले आहे, हे मात्र विचारून घ्यावे, कारण नावात भाजी असली तरी रस्सा कोंबडीचा असू शकतो. चौथ्या दिवशी सूप नकोसे होते, पाव आणि लोणी नकोसे होत नाही.

जुना_वाटसरू

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. आयर्लंडमध्ये मोकळ्या जमिनीवर कुठेही हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तो आहे, त्यामुळे तिथे जाऊन आलेले लोक इथेही तसेच गृहीत धरतात. इथल्या पुष्कळशा वाटा खासगी शेतांमधून, शेतकऱ्याच्या संमतीने जातात. म्हणून आखलेली वाट सोडू नये, फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे आणि कुत्रे नेऊ नये. लांब पल्ल्याच्या आखीव वाटांवर काळ्या खांबावर पिवळा चालणारा माणूस रंगवलेला असतो. लहान वर्तुळाकार वाटांना रंगीत बाण असतात. सोबत १:५०,००० प्रमाणाचा कागदी नकाशा ठेवावा, कारण डोंगराच्या आडोशाला फोनला संपर्क मिळेलच असे नाही.

दलदलीविषयी दोन शब्द. जिथे शेवाळ सर्वांत हिरवे आणि मऊ दिसते, तिथे पाय ठेवू नये. तपकिरी गवताचे उंचवटे दिसायला रुक्ष असतात, पण पाय कोरडे तिथेच राहतात. डोळ्यांना जे सुंदर दिसते त्यावर पाय टाकण्याची आपली सवय तिथे घोट्यापर्यंत महागात पडते.

हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल असे इशारे असतात. नारिंगी असेल तर डोंगराचे नाव काढू नये. अडचण आल्यास ११२ किंवा ९९९ वर फोन करून 'माउंटन रेस्क्यू' मागावे.

चौथा_गिअर

गाडीविषयी लिहितो, कारण यात मी पोळलो आहे. वाहतूक डाव्या बाजूने असल्यामुळे आपल्याला वेगळे काही शिकावे लागत नाही, हा मोठा दिलासा आहे, पण त्यातूनच फाजील आत्मविश्वास येतो. तिथे रस्त्याच्या कडेला हिरवे कुंपण दिसते आणि वाटते की फार तर पाने घासतील. त्या पानांच्या आत दगडी भिंत असते. समोरून बस आली, मी डावीकडे सरकलो आणि टायरची बाजू भिंतीच्या सुळक्यावर फाटली. गाडी घेताना काउंटरवरच्या गृहस्थांनी 'सर्व काही विम्यात आहे' असे सांगितले होते. करारात टायर, काचा आणि गाडीचा तळ वगळलेला होता आणि तो करार मी वाचलेला नव्हता.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. विम्यात काय वगळले आहे आणि अपघात झाल्यास आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल, हे लेखी वाचावे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तसे नोंदवावे, अन्यथा हाताने गिअर टाकायची गाडी मिळण्याची शक्यता अधिक. आणि सर्वांत लहान गाडी घ्यावी. बॅगा लहान कराव्या लागल्या तरी चालेल.

डब्लिनभोवतीच्या एम-५० वर टोलनाका दिसत नाही, पण टोल असतो. तो दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरावा लागतो. गाडीच्या कंपनीकडे त्याची काय व्यवस्था आहे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

वळणवेडा

अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे कोणी जायचे, हा नियम कुठेही लिहिलेला नाही, तरी तो पाळला जातो. ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचे आणि दुसऱ्याने स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून आभार मानायचे. दोन दिवसांनी आपलेही बोट आपोआप उचलले जाते. डिंगलच्या पश्चिम टोकाला फिरणारा स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करावा, म्हणजे मोठ्या बस समोरून येत नाहीत. 'रिंग ऑफ केरी'वर बस उलट दिशेने जातात. तिथे त्यांच्या मागे अडकायचे की त्या समोरून अंगावर येऊ द्यायच्या, हे स्वभावानुसार ठरवावे.

केतकी_वन

स्ली हेडच्या रस्त्याची लांबी पन्नास किलोमीटरही नाही. वळणवेडा यांनी तिथे किती वेळ दिला होता?

वळणवेडा

दीड तास. त्या दिवशी धुके होते.

केतकी_वन

आम्ही एक संपूर्ण दिवस दिला होता. डनमोर हेडवर चालत गेलो, समोर ब्लास्केट बेटे होती, ज्यांवरचे शेवटचे रहिवासी १९५३ मध्ये मुख्य भूमीवर आणले गेले. नंतर गॅलरसचे दगडी प्रार्थनागृह पाहिले. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांधलेले, उलट्या होडीच्या आकाराचे. धुके दुपारी एक वाजता उठले. तुमच्या तक्त्यात तेव्हा तुम्ही पुढच्या काउंटीत असणार.

वळणवेडा

हा मुद्दा मी मान्य करतो, परंतु दुःखाने.

दर्यावर्दी

ब्रँडनचा विषय निघाला आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. या डोंगराला सहाव्या शतकातल्या संत ब्रेंडनचे नाव आहे आणि तो चामड्याच्या होडीतून पश्चिमेला महासागरात गेला, अशी आख्यायिका आहे. १९७६ मध्ये टिम सेव्हरिन यांनी बैलाच्या कातड्याची तशीच होडी बांधून याच डोंगराखालच्या ब्रँडन क्रीकमधून प्रस्थान ठेवले आणि आइसलँडला हिवाळा काढून १९७७ मध्ये न्यूफाउंडलंड गाठले. गंमत अशी, की उलट दिशेचा पहिला विनाथांबा विमानप्रवास करणारे ऑल्कॉक आणि ब्राउन न्यूफाउंडलंडहूनच निघाले होते आणि १५ जून १९१९ रोजी कॉनेमारात क्लिफडनजवळ उतरले. वरून हिरवळ समजून त्यांनी दलदलीत विमान उतरवले आणि त्याचे नाक चिखलात रुतले. जुना_वाटसरू यांनी हिरव्या शेवाळाविषयी दिलेला इशारा त्यांना शंभर वर्षे उशिरा पोहोचला.

मीठभाकर

मोहरच्या कड्यांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. ते चुकवायचे का?

जुना_वाटसरू

चुकवू नयेत, पण त्यांच्यावर दिवस घालवू नये. उच्चार 'मोहर'पेक्षा 'मोअर'च्या जवळचा आहे. सर्वांत उंच भाग २१४ मीटर आहे. दुपारी बसगाड्यांमधून आलेल्या लोकांची दाटी असते, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. कड्याच्या काठाने जाणारी वाट सुंदर आहे, पण तिचे काही भाग अलीकडे सुरक्षिततेसाठी बंद ठेवले गेले आहेत, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी आणि बंद भागाला वळसा घालण्याची हुशारी करू नये. काठावरच्या हिरवळीखाली खडक असेलच असे नाही. समुद्राने तो खालून पोखरलेला असतो.

ज्यांना खरोखर कडे पाहायचे आहेत त्यांनी डॉनेगलचा स्लीव्ह लीग पाहावा. तो सुमारे ६०० मीटर आहे, म्हणजे मोअरच्या जवळजवळ तिप्पट, आणि तिथे माणसे फार कमी.

वळणवेडा

पाहा! म्हणूनच मी म्हणत होतो की डॉनेगल सोडू नका.

तक्तेवाला

नमस्कार. मी या संस्थळावर आजच नाव नोंदवले आहे. वर ज्या तक्त्याचा आणि रकान्याचा उल्लेख झाला आहे, तो माझा आहे. धागा सुरू झाल्याचे मला घरात कोणी सांगितले नाही, भाचीने कळवले.

माझी बाजू एवढीच, की पुन्हा तिकडे जाणे होईल की नाही हे या वयात सांगता येत नाही आणि एखादी रेघ अर्धी पाहून परत येणे मला जड जाते. आकड्यांसाठी मी हा मार्ग धरला नव्हता. तरीही दर्यावर्दी यांचा रस्त्यांच्या अक्षरांचा हिशेब वाचल्यावर मी तक्ता पुन्हा तपासला. पाचव्या दिवशी मी ३४० किलोमीटर आणि क्रोक पॅट्रिक दोन्ही लिहिले होते. ही चूक मान्य आहे.

आता माझा प्रश्न. रेघ तोडायचीच असेल तर ती कुठे तोडली असता कमी दुखेल?

स्वल्पविराम

हा प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्याला माझा नमस्कार.

पाऊलवाट

यजमानांचे या धाग्यावर स्वागत आहे. इथे विचारलेला प्रश्न त्यांनी जेवताना विचारला असता, तर मी हा धागा काढलाच नसता.

दर्यावर्दी

तक्तेवाला, रेघ दोन्ही टोकांना तोडा आणि मधला सलग भाग नीट पाहा, म्हणजे ती अर्धवट वाटणार नाही. माझी आखणी अशी. पहिली रात्र डब्लिनला, कारण लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी चालवू नये. दुसऱ्या दिवशी मोटरवे आणि 'एन' रस्त्याने थेट वेस्टपोर्ट, तिथे चार रात्री. डायमंड हिल, क्रोक पॅट्रिक आणि ॲकिल बेट तिथून होते; ॲकिलला पूल आहे, गाडी नेता येते, आणि बेटाच्या टोकाला कीम बेकडे उतरणारा रस्ता तुम्हाला हवा असलेल्या जातीचा आहे. नंतर दोन रात्री डूलिनच्या आसपास, म्हणजे बरेन आणि मोअर. तिथून दक्षिणेला जाताना किलायमर ते टार्बर्ट ही फेरीबोट घ्या. शॅनन नदीचे मुख ती वीस मिनिटांत ओलांडते आणि लिमरिकवरून पडणारा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा वाचतो. मग डिंगलला चार रात्री आणि शेवटची रात्र डब्लिनजवळ. बरोबर १२ होतात.

प्रत्येक मुक्कामी एक दिवस गाडीचा, एक डोंगराचा आणि एक पावसाचा धरा. पावसाचा दिवस कोणता, ते आधी ठरवू नका.

मीठभाकर

आणि स्केलिग मायकल? समुद्रातल्या त्या सुळक्यावरचा मठ जागतिक वारसा आहे ना?

दर्यावर्दी

१९९६ पासून आहे. पण तिथे उतरवणाऱ्या होड्या मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच, तेही समुद्र शांत असेल तरच जातात, रोजची माणसे मर्यादित असतात आणि नोंदणी फार आधी संपते. वर सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत, त्यांना कठडा नाही. पाऊलवाट यांच्या गुडघ्यांचे मत विचारावे.

पाऊलवाट

गुडघ्यांनी नकार कळवला आहे.

जुना_वाटसरू

डिंगलकडे एक लक्षात ठेवा. तो आयरिश भाषिक पट्टा आहे आणि तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्या आयरिशमध्ये असतात. नकाशात इंग्रजी नाव आणि पाटीवर दुसरेच, असा प्रकार होतो. थांबून वाट द्या या अर्थाच्या त्रिकोणी पाटीवरही 'गेल स्ली' असे लिहिलेले असते. ते गावाचे नाव समजून मी पहिल्या दिवशी नकाशात बराच वेळ शोधले होते. गावांची दोन्ही नावे घरूनच वहीत उतरवून न्या.

आणखी एक. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. हे ठाऊक असेलच, पण तिकिटे काढून झाल्यावर कळलेले लोक मी पाहिले आहेत.

पाऊलवाट

(जूनच्या तिसऱ्या आठवड्यात)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही परत आलो. दर्यावर्दी यांची आखणी जवळजवळ तशीच पाळली, त्यामुळे काय जमले आणि काय नाही हे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

डायमंड हिलला आम्हाला साडेतीन तास लागले, त्यातला अर्धा तास माथ्यावर बसण्यात गेला. केतकी_वन यांनी जे लिहिले आहे त्यात काही वाढवावेसे वाटत नाही. क्रोक पॅट्रिकवर मी खिंडीतच थांबले. वरचा शंकू पाहिल्यावर चढण्याची नाही, उतरण्याची भीती वाटली. यजमान एकटे वर गेले आणि मी खिंडीत दोन तास समुद्राकडे पाहत बसले. बेटे मोजायला घेतली होती, चाळीसनंतर ढग आला. तिथे एक वृद्ध बाई अनवाणी उतरत होत्या. मी त्यांना माझी काठी देऊ केली, तेव्हा त्यांनी नम्रपणे नाकारली आणि माझ्या बुटांकडे पाहून 'जपून या' असे म्हणाल्या.

ब्रँडन झाला नाही. पश्चिमेच्या वाटेने आम्ही निघालो, अर्ध्याहून थोडे पुढे गेलो आणि पुढचा पांढरा क्रूस दिसेनासा झाला. मागचा दिसत होता. तेवढ्यावरून परत फिरण्याचा निर्णय यजमानांनी घेतला, मी नाही, ही नोंद मुद्दाम करते. दुसऱ्या दिवशीही ढग होते आणि तिसऱ्या दिवशी निघायचे होते. निघताना गाडीतून डोंगर माथ्यापर्यंत लख्ख दिसत होता.

वळणवेडा यांना सांगायला हवे, की ॲकिल बेटावर कीम बेकडे उतरताना मी स्वतः यजमानांना म्हटले की पुन्हा वर जाऊन परत एकदा उतरू या. गाडीच्या काचेतून पाहिलेल्या समुद्राविषयी मी जे लिहिले होते, त्यातून तो रस्ता वगळते. एकंदर गाडी सुमारे १,५०० किलोमीटर चालली.

तक्तेवाला

ओडोमीटरप्रमाणे १,५२७. कीम बेची दुसरी फेरी त्यात धरली आहे.

चौथा_गिअर

टायर शाबूत राहिले का?

तक्तेवाला

राहिले. आपला प्रतिसाद वाचून टायर आणि काचांचा वेगळा विमा घेतला होता, तो कामी आला नाही. डावा आरसा मात्र डिंगलजवळ एका कुंपणात शिरला होता. आरसा फुटला नाही, पण त्याच्या खाचेत फुशिया या फुलझाडाची एक डहाळी अडकली. ती डब्लिनला गाडी परत देताना तिथल्या मुलीने काढली आणि विचारले, 'केरी का?'